भिंगारदिव्यांचा रंगाचा कोर्स

साखर सोडून रंगात पडले तेव्हा श्रीमंत भिंगारदिवे सेहेचाळीस वर्षांचे होते. या वयात आपल्याला कुणी पुन्हा नवशिक्या म्हणेल, अशी शंका त्यांना स्वप्नातही आली नव्हती. कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासता तपासता त्यांचे केस पिकले होते आणि तिथला मॅनेजरसुद्धा त्यांना 'केमिस्टसाहेब' म्हणत होता. मग त्यांच्या पत्नीची, भारतीबाईंची, बदली नगरशेजारच्या केडगावच्या शाळेत झाली. दोन गावांत दोन चुली आणखी किती वर्षं पेटवायच्या, असा प्रश्न भारतीबाईंनी विचारला आणि त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं. नगरच्या एमआयडीसीत रंगाचा एक नवा कारखाना निघाला होता, तिथे भिंगारदिव्यांना घेतलं.

घेतलं म्हणजे अर्धं घेतलं. सहा महिने उमेदवारी, आणि तेवढ्या मुदतीत 'रंग व लेपन उद्योगातील नवागतांसाठी तांत्रिक प्रशिक्षण' हा कंपनीचा कोर्स पास व्हायचा. झालात तर कायम, नाही झालात तर नमस्कार. कोर्सला भिंगारदिवे भीत नव्हते. परीक्षा त्यांनी पुष्कळ दिल्या होत्या. पण हा कोर्स वर्गात नव्हता आणि पुस्तकातही नव्हता, तो इंटरनेटवर होता. साल एकोणीसशे नव्याण्णव. केडगावात तेव्हा इंटरनेट हा शब्द पेपरात वाचलेली माणसं बरीच होती, ती वस्तू पाहिलेलं माणूस शोधावं लागलं असतं.

कंपनीचा ट्रेनिंग ऑफिसर नितीन नावाचा एक टाय लावणारा मुलगा होता, भिंगारदिव्यांच्या मुलाच्या, पंकजच्या, वयाचा. तो म्हणाला, की काका, एकदम सोपं आहे, घरी बसून करायचं, फक्त एक कॉम्प्युटर आणि एक फोन पाहिजे. भिंगारदिव्यांना 'काका' लागलं. नंतर तो दुसऱ्या कुणाला तरी 'ते ट्रेनी आहेत ना, त्यांना विचार' असं म्हणाला, तेव्हा त्यांना 'काका' बरं वाटू लागलं.

कॉम्प्युटर घरात होता. पंकज नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा तो मागे ठेवून गेला होता आणि भारतीबाईंनी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. फोन नव्हता, तो यथावकाश आला. मग नाव नोंदवायचं आलं. नावनोंदणीच्या पानावर वय निवडायची सोय होती आणि ती अठरापासून सुरू होऊन तिसाला संपत होती. नवागत माणूस तिसाच्या पुढचा असू शकतो हे पान करणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. भिंगारदिवे बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले आणि शेवटी त्यांनी तीस निवडले. पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या हेड ऑफिसने त्यांचं खातं बंद केलं, कारण नोकरीच्या कागदावर एक वय आणि कोर्सवर दुसरं. शाळा सोडल्याचा दाखला पाठवा म्हणाले. दाखला पाठवला, तर म्हणाले बरोबर आहे, पण कॉम्प्युटर तिसाच्या वर घेत नाही, तेव्हा कोर्सपुरते तुम्ही तिशीतलेच राहा. एवढ्या पत्रापत्रीत उमेदवारीचा चांगलाच मोठा तुकडा खर्ची पडला. भारतीबाई म्हणाल्या की त्या निमित्ताने तुमचं वय तरी कमी झालं, आणि वह्या तपासायला बसल्या.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. खरी गंमत फोनने केली.

भिंगारदिवे राहायचे त्या मैत्री कॉलनीत पंचवीस-तीस घरं, मधोमध छोटंसं बुद्धविहार आणि विहाराभोवती लोखंडी कठडा. या सगळ्या वस्तीत फोन आला तो पहिला भिंगारदिव्यांकडे. आता ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि त्यापुढे 'पी.पी.' लिहायचं, ही त्या काळातली सर्वमान्य रीत होती. त्यात परवानगी मागायची पद्धत नव्हती. रिक्षावाल्या गोरक्षने कार्डं छापली, त्यावर भिंगारदिव्यांचा नंबर. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या आबासाहेबांनी विहार समितीच्या लेटरहेडवर तोच नंबर घातला. समोरच्या झुंबरबाईंनी तो पाथर्डीला दिलेल्या आपल्या लेकीला, धनश्रीला, पाठ करायला लावला. धनश्रीला दिवस गेले होते आणि तिचे फोन वरचेवर येत. भिंगारदिव्यांनी फोन घ्यायचा, पायात चपला घालायच्या, ज्याचा फोन त्याच्या दारात जाऊन सांगायचं, मग ती व्यक्ती हात पुसत येणार, खुर्चीत बसून बोलणार आणि बोलून झाल्यावर चहा नको म्हणून तो घेणार. एके काळच्या केमिस्टसाहेबांना हे काम वर्मी लागत होतं, पण नाही कुणाला म्हणणार.

शेवटी भारतीबाईंनीच तोड काढली. व्हरांड्यात एक पॅरलल फोन बसवायचा. फोन वाजला की कॉलनीतलं जे जवळ असेल ते उचलेल आणि आपला दिवाणखाना मोकळा. वायरिंगची कामं करणाऱ्या अजिनाथने तो एका दुपारीत बसवून दिला. बसवताना त्याने खांबावरून आलेली तार आधी व्हरांड्यात घेतली आणि तिथून घरात नेली. का, तर तार कमी लागते. भिंगारदिव्यांना त्या क्षणी ते हुशारीचं वाटलं.

इंटरनेट लावलं, की फोनमधून आधी पोत्यात कोंबलेल्या कोंबडीसारखा आवाज यायचा. तो थांबला की समजायचं लागलं. मग पान वरून खाली हळूहळू उमटत जायचं. भिंगारदिवे वही-पेन घेऊन बसायचे. पहिला धडा रंग म्हणजे काय. रंगात भुकटी असते, तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो, आणि दोघांना पातळ करून पसरायला मदत करणारा आणि काम झालं की उडून जाणारा द्रव असतो. हे वाचून त्यांना फार बरं वाटलं. इतकं सरळ, इतकं मुद्द्याचं. साखरेतही असंच होतं, म्हणाले. एवढ्यात पान थांबलं, तळाशी काहीतरी लुकलुकलं आणि सगळं गेलं. व्हरांड्यातून झुंबरबाईंचा आवाज आला.

"भाऊ, तुमचा फोन बिघडलाय काय ओ? उचलला की नुसतं किंचाळतंय त्यात."

पॅरलल रिसीव्हर नुसता उचलला तरी इंटरनेट तुटतं, हे ज्ञान भिंगारदिव्यांना असं झालं. कोर्समध्ये ते कुठेच नव्हतं. त्यांनी कॉलनीला समजावलं, की माझा अभ्यास चालू असताना उचलू नका. कॉलनी समजूतदार होती. लोक फक्त अभ्यास संपला की नाही हे बघण्यापुरता उचलायचे. आबासाहेब तर दर थोड्या वेळाने येऊन अगदी हलक्या हाताने उचलायचे, कानाला लावायचे आणि अजून चालू आहे वाटतं म्हणून तितक्याच हलक्या हाताने ठेवायचे. भिंगारदिव्यांनी एकदा रागाने व्हरांड्यातल्या फोनचे स्क्रू स्वतः काढून पाहिले, तर दोन्ही फोन मेले. फोन बंद असल्याची तक्रार फोनवरूनच नोंदवायची असल्यामुळे ते भर उन्हात पुणे रोडवरच्या बूथवर जाऊन उभे राहिले. फोन सुरू झाला तो पुन्हा दोन्हीकडे. अजिनाथ तोवर बायकोच्या माहेरी गेला होता आणि तिथे त्याला कामं मिळाली असं कळलं.

तरी भिंगारदिवे शिकत राहिले, तुकड्या-तुकड्यांनी. रंगाला पडणाऱ्या दोषांचा धडा त्यांनी आठवडाभर वाचला. त्यात प्रत्येक दोषाचं चित्र होतं आणि प्रत्येक चित्र वरच्या चार बोटांपर्यंत उमटलं की कुणीतरी फोन उचलायचं. सुरकुत्या पडलेल्या रंगाचा वरचा कोपरा त्यांनी इतक्यांदा पाहिला की तो त्यांना झोपेतही ओळखू आला असता. बाकीच्या तीन कोपऱ्यांत काय होतं, ते त्यांना कधीच कळलं नाही. धडा वाचून होईतो शेजारीपाजारीही मागे येऊन उभे राहू लागले होते. एक जण म्हणाला, हे उसाच्या पाचटाचं चित्र आहे. दुसरा म्हणाला, पापड आहे.

मग आलं प्रात्यक्षिक. आपल्या परिसरातील एक लोखंडी पृष्ठभाग निवडावा, रंगवावा आणि निरीक्षणं पाठवावीत. भारतीबाईंनी खिडकीचे गज सुचवले. तेवढ्यावर भागलं असतं. पण दार उघडं होतं आणि आबासाहेब व्हरांड्यात हलक्या हाताने फोन उचलायला आले होते.

आबासाहेब म्हणाले, खिडकी कशाला, विहाराचं फाटक आहे. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली आहे, समिती रंगवणारच होती. घरचा तज्ज्ञ असताना बाहेरचा पेंटर लावणं बरं दिसत नाही. 'तज्ज्ञ' या शब्दावर भिंगारदिवे विरघळले. कंपनीत त्यांना इतक्या दिवसांत हा शब्द कुणी लावला नव्हता. त्यांनी फाटक घेतलं आणि फाटकाबरोबर सगळा कठडाही घेतला, तोही त्यांनी स्वतःच होऊन.

रंगाचा रंग कोणता, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. निळा हे ठरलेलंच होतं, पण फिका की गडद यावर दोन तट पडले आणि शेवटी दोन्हीचे डबे एकत्र करायचे असं ठरलं. गंज घासताना कॉलनीतला प्रत्येक जाणारा-येणारा थांबला आणि कसं घासावं ते सांगून गेला. घासणारा माणूस मात्र एकच राहिला. भिंगारदिव्यांचे दंड भरून आले. डबे उघडले तेव्हा रंग इतका दाट निघाला की ब्रश त्यात उभा राहत होता, आणि थिनरचा डबा आणायचा राहिला होता. उन्हं चढत चालली होती.

"रॉकेल घाला," आबासाहेब म्हणाले. "आमच्या खात्यात कायम रॉकेलच घालायचे."

भिंगारदिवे शास्त्राचे माणूस होते. खात्याच्या शब्दावर ते जाणार नव्हते. ते म्हणाले, थांबा, बघून येतो. घरात गेले, कोंबडी ओरडवली आणि पातळ करणाऱ्या द्रवांचा धडा उघडला. पान उमटू लागलं. पेट्रोलियमपासून कोणकोणते द्रव मिळतात याची सविस्तर यादी वर होती, आणि त्या यादीत रॉकेल ठळक अक्षरांत होतं. त्याच्या खाली त्यातले कोणते रंगात घालावेत आणि कोणते चुकूनही घालू नयेत हे असणार. पण पान खाली यायच्या आत व्हरांड्यात गोरक्षने भाडं आलं का ते बघायला रिसीव्हर उचलला. भिंगारदिव्यांनी परत लावून पाहिलं, लागेना. बाहेर आबासाहेब हाका मारत होते. यादीत आहे, म्हणजे चालत असणार, असं म्हणून ते बाहेर आले आणि त्यांनी रॉकेल ओतलं. साखरेच्या प्रयोगशाळेत हाताखालच्या एखाद्याने असं अर्धं वाचून काही ओतलं असतं, तर त्यांनी त्याला उभं सोललं असतं.

तापलेल्या लोखंडावर ब्रश मस्त फिरला. एक हात झाल्यावर आबासाहेबांनी बोट लावून पाहिलं, सुकलंय म्हणाले, दुसरा हात मारा, जाड मारा. भिंगारदिव्यांनी जाड मारला. संध्याकाळी फाटक असं चमकत होतं की बायका मुलांना घेऊन बघायला आल्या. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी भिंगारदिव्यांनी स्वतः ठिकठिकाणी बोट टेकवून पाहिलं. बोट कोरडं निघालं. बोटाला कोरडा लागणारा रंग आणि खरोखर सुकलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते पुढच्या धड्यात होतं, आणि पुढच्या धड्यापर्यंत त्यांना कुणी जाऊ दिलं नव्हतं. उन्हाने वर साय धरली होती आणि सायीखाली रॉकेल मिसळलेला रंग जसाच्या तसा ओला होता.

बुद्धपौर्णिमेला विहारात पांढरे कपडे घालून जायचं असतं. मैत्री कॉलनी त्या दिवशी झाडून सगळी पांढऱ्या कपड्यांत आली. नव्या साड्या, इस्त्रीचे सदरे, आबासाहेबांचा पांढरा सफारी. वंदना झाली, पंचशील झालं, प्रवचन झालं आणि मग खिरीची रांग लागली. रांग लांब, ऊन कडक, आणि रांगेच्या शेजारी सलग कठडा. माणूस कठड्याला टेकतोच. टेकलेल्या माणसाच्या वजनाने साय फाटली. खीर घेऊन पहिली माणसं रांगेतून बाहेर पडली, तेव्हा त्यांच्या पाठीवर कठड्याच्या गजांचे निळे पट्टे होते. मागच्यांना ते दिसले, मागचे हसले, आणि हसता हसता त्यांच्या मागच्यांनी त्यांचे पट्टे पाहिले. प्रवचनाला आलेले, सावकाश, पावलाकडे बघत चालणारे भंतेजी तेवढे कशालाही न टेकता गेले. बाकी कॉलनी पट्ट्यापट्ट्यांची झाली. झुंबरबाईंनी धनश्रीच्या घरून आलेली कोरी पांढरी साडी त्या दिवशी पहिल्यांदा नेसली होती.

भिंगारदिवे खिरीचं पातेलं धरून उभे होते. त्यांना कुणी काही बोललं नाही. लोकांनी फक्त एकदा त्यांच्याकडे आणि एकदा फाटकाकडे पाहिलं. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. आबासाहेब आपल्या सफारीची मागची बाजू बघण्यासाठी स्वतःभोवती फिरत होते आणि रॉकेलचा विषय निघेल म्हणून काही बोलत नव्हते. डाग काढायला परत रॉकेलच लागलं. पुढचे कितीतरी दिवस कॉलनीत दोऱ्यांवर पांढरे कपडे वाळत होते आणि प्रत्येक घरातून स्टोव्ह भडकल्यासारखा वास येत होता. भारतीबाईंची नवी साडीही त्यात होती. शेवटी भिंगारदिव्यांनी स्वतःच घरात विषय काढला.

"अहो, झालं ते झालं," भारतीबाई म्हणाल्या. "आता त्यांना निरीक्षणं पाठवा."

त्यांनी पाठवली. साय, ओलसरपणा, सुरकुत्या, उडालेली चमक, सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. दोषांच्या धड्यातले जवळजवळ सगळे दोष एका फाटकावर मिळाले होते. कोर्सकडून आपोआप उत्तर आलं की आपली निरीक्षणे सविस्तर आहेत, आता शेवटची परीक्षा.

परीक्षेची बातमी नितीनने फोन करून दिली. रविवारी सकाळी एक तास, सगळे प्रश्न इंटरनेटवर, आणि उत्तरं मुंबईचं हेड ऑफिस तिथल्या तिथे तपासणार. मधे लाईन तुटली तर परीक्षा गेली, आणि उमेदवारीची मुदत त्याच महिन्यात संपत असल्यामुळे दुसरी संधी नाही. ही बातमी भिंगारदिव्यांना सगळ्यांत शेवटी कळली. फोन व्हरांड्यात उचलला गेला होता, आणि ते बाजारातून घरी पोचेपर्यंत ते नुसते ट्रेनी आहेत, त्यांची नोकरी अजून पक्की नाही आणि रविवारी नापास झाले तर घरी बसणार आहेत, हे सगळ्या कॉलनीला तपशीलवार माहीत झालं होतं. आजवर ते सगळ्यांना 'कंपनीत टेक्निकल बाजू बघतो' एवढंच सांगत आले होते. कोपऱ्यावर त्यांना पाहून दोन माणसं बोलायची थांबली. भिंगारदिव्यांना त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका तासापुरता फोन कुणी उचलू नये, एवढंच हवं होतं. पण ज्यांना आपण निळे पट्टे दिले त्यांच्याकडे काही मागायचं म्हणजे जीभ उचलत नव्हती. दोन दिवस त्यांनी नितीनच्या केबिनमधून परीक्षा देता येईल का याची चौकशी केली. रविवारी केबिनला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. शहरात, सावेडीकडे, एक इंटरनेटचं दुकान नव्याने उघडल्याचं कळलं म्हणून तिथे जाऊन आले. तिथली लाईन इथल्यापेक्षा जास्त वेळा तुटत होती, आणि तिथे तर पॅरलल फोनही नव्हता. शेवटी भारतीबाईंनी त्यांच्या हातात चपला दिल्या आणि समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.

झुंबरबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. नगरपालिकेत झाडूकामाला तीस वर्षं काढलेली बाई, एकटी, आवाज खणखणीत. कॉलनीत आबासाहेबांचे ठराव चालत आणि झुंबरबाईंचा शब्द चालायचा. भिंगारदिव्यांनी आधी साडीबद्दल माफी मागितली. झुंबरबाईंनी लसणाची पाकळी टाकली, दुसरी घेतली. मग ते म्हणाले, "मावशी, रविवारी सकाळी एक तास फोन उचलायचा नाही."

"कोनी?"

"कुणीच."

"आन उचलला तर?"

"तर माझी नोकरी जाईल."

झुंबरबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मंग न्हाई उचलू देत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसणाला लागल्या.

रविवारी सकाळी त्या व्हरांड्यात फोनशेजारी पाट घेऊन बसल्या आणि त्यांनी रिसीव्हरवर हात दाबून धरला. भिंगारदिव्यांनी आत जाऊन दार लावलं, लाईन लावली आणि देवाचं कधी नाव न घेणारा तो माणूस क्षणभर डोळे मिटून बसला. पान उमटलं. प्रश्न सुरू झाले. अर्धे त्यांना येत होते, अर्धे आठवत होते. बाहेरून आवाज येत होते. आबासाहेब आले, हलक्या हाताने बघतो म्हणाले आणि त्यांना झुंबरबाईंनी असं काही ऐकवलं की ते समितीच्या वहीत नोंदवायला निघून गेले. मग गोरक्षची रिक्षा येऊन थांबली. तो दबक्या आवाजात काहीतरी कळवळून सांगत होता, आणि झुंबरबाई 'गप, आत पेपर चालू हाय' एवढंच म्हणत होत्या. भिंगारदिव्यांचं लक्ष क्षणभर उडालं, पण त्यांनी ते परत आणलं.

शेवटचा प्रश्न आला, सगळ्यांत जास्त गुणांचा. लोखंडावरचा रंग बोटाला कोरडा लागतो पण दाब दिल्यावर फाटतो आणि खालून ओला निघतो, तर याची संभाव्य कारणं द्या. भिंगारदिवे त्या प्रश्नाकडे बघत राहिले. असा प्रश्न माणसाला आयुष्यात एखादाच मिळतो. त्यांनी लिहायला घेतलं आणि सगळं लिहिलं. रॉकेल, तापलेलं लोखंड, जाड दुसरा हात, घाई. हेडक्लार्कचा सल्ला सोडून काही वगळलं नाही. बटण दाबलं. पान पांढरं झालं, बराच वेळ पांढरं राहिलं, मग वरून हळूहळू अक्षरं उतरली आणि त्यांत 'उत्तीर्ण' असं होतं.

त्यांना नाचावंसं वाटलं नाही. त्यांना फक्त खूप थकवा आला, सहा महिन्यांचा एकदम. लाईन बंद करून ते दार उघडून बाहेर आले.

झुंबरबाई तशाच बसल्या होत्या. रिसीव्हरवर दोन्ही हात होते. गोरक्ष खांबाला टेकून उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता. भिंगारदिव्यांनी काय झालं विचारलं, तर तोच बोलला. धनश्रीला पहाटे दवाखान्यात नेलं होतं. अडलीय म्हणून जावयाचा, सहादूचा, फोन परीक्षा सुरू व्हायच्या थोडा आधी आला होता, आणि तो गोरक्षसमोरच मावशींनी घेतला होता. तिकडे दवाखान्यात फोन नव्हता, सहादू बूथवरूनच परत करणार होता, आणि गेला तासभर त्याला हा नंबर लागणं शक्य नव्हतं. मावशींनी कुणाला सांगू दिलं नाही. उचला म्हणून गोरक्ष पाया पडला, तरी त्यांनी हात काढला नाही.

एवढ्यात फोन वाजला. झुंबरबाईंनी हात मागे घेतले.

"तुमी घ्या भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्यानं उचलवंना."

त्यांनी उचलला. पलीकडे सहादू ओरडून बोलत होता, कधीपासून लावतोय म्हणत होता, आणि आपण कोण बोलताय म्हणून विचारत होता. भिंगारदिवे म्हणाले, समोरचा शेजारी. मग त्यांनी ऐकलं, आणि ऐकता ऐकताच मान हलवून झुंबरबाईंना सांगितलं, की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. झुंबरबाई पाटावरच पदरात तोंड लपवून मोठ्याने रडल्या. गोरक्ष रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. रिसीव्हर झुंबरबाईंच्या हातात देऊन भिंगारदिवे पायरीवर बसले.

बोलून झाल्यावर झुंबरबाईंनी डोळे पुसले.

"दोनदा वाटलं उचलावा," त्या म्हणाल्या. "मंग म्हनलं, पोरीचं जे व्हायचं ते माझ्या उचलन्यानं थोडंच थांबनार हाय. भाऊंची नोकरी मातर थांबंल. तुमचं काय झालं?"

"पास झालो, मावशी."

"मंग झालं तर."

फोन पुन्हा वाजला. या वेळी नितीन होता, उत्साहाने फसफसत. अभिनंदन म्हणाला, निकाल आत्ताच पाहिला म्हणाला, सगळ्या नवागतांत तुम्ही पहिले आलात, आता कायमची ऑर्डर निघेल, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर हेड ऑफिसला इतकं आवडलं की मोठ्या साहेबांना तुमच्याशी आत्ताच बोलायचंय, जरा लाईनवर थांबा.

"साहेबांना संध्याकाळी करायला सांग," भिंगारदिवे म्हणाले. "आत्ता फोन मोकळा पाहिजे."

त्यांनी रिसीव्हर ठेवला, झुंबरबाईंचा पाट जरा जवळ ओढला आणि पहिला फोन कुणाला लावायचा ते विचारलं.